पलीकडचं टोक

६ जानेवारी २०२५, सोमवार

हार्डवेअरच्या दुकानातून दरवर्षी डायरी फुकट मिळते अन् दरवर्षी मी तिच्यात रंधा मशीनची पाती कधी बदलली तेवढंच लिहितो. यंदा जरा जास्त लिहायचं म्हणतोय. शेडमध्ये बोलायला कुणी नाही, घरात तर बायको गेल्यापासून कुणी नाही, अन् मी गप बसणारा माणूस नाही.

आज घोडी आली. सलीमभाई वेल्डरनं करून दिली. लोखंडी, चार पायांची, फळी टेकवायला वर फिरता रूळ. आणून ठेवली अन् म्हणतो, "कडुबाशेठ, इसपे हत्ती बी रखो, कुछ नै होता." हत्ती कशाला ठेवतोय मी? संघपालच्या जागी ठेवायची आहे.

संघपाल म्हणजे माझा भागीदार. होता. आम्ही दोघं तरणे असताना एकाच आरागिरणीत कामाला होतो. ती बंद पडली तेव्हा दोघांनी मिळून ही मशीन घेतली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. मी अलीकडं उभा राहून फळी आत घालायचो, तो पलीकडं उभा राहून बाहेर आलेली फळी धरायचा. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या टेबलाची फळी त्याच्या हातातून सुटली. पहिल्यांदा नाही, त्याच्या आधी पण दोन-तीनदा सुटली होती. माझं टाळकं सरकलं. गिऱ्हाइकासमोरच म्हणलं, "इतकी वर्षं नुसता पलीकडं उभा राहिलास, आता तेवढंबी जमंना व्हय? तुझ्यापरीस लोखंडाची घोडी बरी. ती च्या बी मागायची नाय."

त्यानं डोक्याचं फडकं काढलं, झटकलं, डबा तिथंच ठेवून निघून गेला. मला वाटलं सकाळी येईल. आला नाही. आता मी बोलवायला जाणार नाही. जीभ माझी सुटली हे खरं, पण चालत गेला तो. यायचं तर त्यानं यावं.

येईल असं मला अजून वाटतं. शेडचं दार वाजलं की आधी तोच वाटतो.

८ जानेवारी, बुधवार

तनुजा मॅडमच्या फळ्यांचा टेम्पो आला. या बाई औरंगपुऱ्यात परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढतायत. कुठल्या तरी जुन्या गोदामातल्या सागवानी फळ्या त्यांना मिळाल्यात, बारा फुटी, एकेक उचलायला कंबर मोडावी अशी. त्यांची लांब टेबलं करायचीत. फेब्रुवारी संपायच्या आत पाहिजेत. शेडमध्ये इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "काका, एकट्यानं होईल ना?" म्हणलं, "मॅडम, काम मशीन करती. माणूस नुसता निमित्त."

खोटं नाही सांगितलं. टेबलावर फळी ठेवून ढकलली की वरचा दातेरी रूळ तिला धरून आत ओढतो. मग पात्यांचा रूळ गरगरा फिरत वरून पातळ थर काढतो. त्याच्या मागं एक गुळगुळीत रूळ आहे, तो फळी बाहेर सोडतो. किती जाडी काढायची ते चाक फिरवून खालचं टेबल वर-खाली करून ठरवायचं. झालं. ह्यात पलीकडच्या माणसाचं काम काय? फळी खाली पडू नये एवढंच.

संध्याकाळपर्यंत चार फळ्या काढल्या. अंगावर हात फिरवावा अशा निघाल्या. पण प्रत्येकीच्या शेपटाला, शेवटच्या वीतभरात, खड्डा. डोळ्याला दिसत नाही, अंगठा फिरवला की कळतं. पोरांनी वही ठेवली तर डुगडुगेल. पाती बोथट झाली असतील.

९ जानेवारी, गुरुवार

मेन स्विच पाडून पाती काढली. धार लावून आणली अन् बसवायला दुपार गेली. तिन्ही पाती अगदी सारखी बसावी लागतात. एक जरी केसभर वर राहिलं तर ते एकटंच काम करतं अन् बाकीची दोघं फुकट फिरतात. खाली सागाचा ठोकळा ठेवायचा, हातानं रूळ फिरवायचा अन् प्रत्येक पातं ठोकळ्याला सारखंच चाटतंय का बघायचं. हे करताना संघपाल पलीकडून रूळ धरून ठेवायचा. आज पाचर ठोकून धरला. पाचर बरी, मध्येच तंबाखू मळायला थांबत नाही.

पाती आरशासारखी लागली. फळी घातली. शेपटाला खड्डा.

मग दोन हात लांबीचा तुकडा घातला. त्याला खड्डा नाही! परत लांब फळी घातली, परत खड्डा. म्हणजे मशीन चांगली आहे, फळ्याच खराब आहेत. गोदामात उन्हापावसात पडून लाकूड मेलं असणार.

मनात एकदा आलं की संघपाल नाही म्हणून तर होत नाही ना. हट्. तो काय करायचा? नुसता धरायचा.

११ जानेवारी, शनिवार

संघपालची करुणा आली होती, त्याचा डबा अन् चष्मा न्यायला. मला आधी वाटलं स्कूटीवर मागं तो पण असेल. नव्हता.

पोरगी आमच्या शेडमध्ये भुशात खेळून मोठी झाली, आता दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "काका, बाबा शेंद्र्याला लागलेत. कंपनीच्या गेटवर." म्हणलं, "वा. साहेब झाला तुझा बाप. खुर्चीवर बसायचं अन् गाड्या मोजायच्या." ती म्हणाली, "तसं नाही काका, तुम्ही ऐका तर. बाबांचा—"

मला ऐकायचं नव्हतं. बापानं पोरीला वकील करून पाठवलंय, आता ती मला चार शब्द शिकवणार, एवढंच माझ्या डोक्यात. मी बटण दाबून मशीन चालू केली. या मशीनपुढं देवाचंबी कुणाला ऐकू जात नाही. ती थोडा वेळ उभी राहिली. मग डबा पिशवीत घातला अन् गेली.

घालायला फळी पण जवळ नव्हती. मशीन तशीच रिकामी फिरत होती अन् मी तिच्यासमोर उभा होतो.

दिवाळीपासूनच त्याचं चित्त कामात नव्हतं. चहाचा कप डाव्या हातानं धरायचा. डोक्याला फडकं बांधायचं तर म्हणायचा, कडुबा, तूच बांध. मी म्हणायचो, बाशिंगबी बांधू का?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अन् नामविस्तार दिन. आजच्या दिवशी आमचं शेड पहिल्यापासून बंद असतं, कारण संघपाल सकाळी घरच्यांना घेऊन विद्यापीठ गेटवर जातो. संध्याकाळी माझ्याकडं येतो. माझी मंडळी होती तेव्हा ती तिळगूळ द्यायची, ती गेल्यावर मी दुकानातून आणतो. दोघं ओट्यावर बसून खातो. तो म्हणतो, गोड खाऊनबी तुझं तोंड कडूच.

काल पावशेर तिळगूळ आणून ठेवला. दुपारी करमेना म्हणून मीच गेटकडं निघालो. बोलवायला नाही, नुसतं फिरायला. गर्दी म्हणजे काय विचारू नका. निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, भीमगीतं, लांब लांब गावांहून आलेल्या बाया, पोरं. एवढ्या गर्दीत एक माणूस कुठं सापडायचा? पण सापडला. पुस्तकाच्या दुकानापाशी उभा होता. पांढरा शर्ट, नात डाव्या खांद्यावर, उजवा हात पँटच्या खिशात. पोरगी खाली वाकून पुस्तकाकडं बोट दाखवत होती तरी ह्यानं खिशातला हात बाहेर काढला नाही, दुकानदारालाच मानेनं खुणावलं. गेटवरची नोकरी लागली तर केवढा रुबाब आला!

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मारली नाही. त्यानं इकडं बघावं म्हणून थांबलो. त्यानं बघितलं नाही.

संध्याकाळी दार उघडं ठेवून बसलो. अंधार पडल्यावर तिळगूळ मुंग्या लागू नयेत म्हणून डब्यात घातला.

१९ जानेवारी, रविवार

पुण्याहून रूपालीचा फोन. लेक दर रविवारी करते, बिचारी. जेवलात का, गोळी घेतली का. मग म्हणाली, "बाबा, संघपालकाकांना फोन करा ना." म्हणलं, "त्यानं तुला सांगितलं व्हय?" म्हणाली, "नाही हो. तुम्हीच दोनदा त्यांचं नाव काढलंत." मी म्हणलं नेटवर्क नाही अन् फोन ठेवला.

नेटवर्क होतं.

२३ जानेवारी, गुरुवार

आठ दिवस मशीनला खोललं होतं. बेअरिंग काढून डिझेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं. रुळांवरचा राळेचा थर पटाशीनं खरवडला. मागच्या रुळाच्या स्प्रिंगा घट्ट केल्या. पट्टा बदलला. टेबल ज्या खाचांतून वर-खाली होतं त्या खाचांतला भुसा काढला तर घमेलंभर निघाला. एवढी सेवा मी माझ्या बापाची केली नाही.

आज जोडून चालू केली. आवाज असा लागला की नुसतं ऐकत बसावं. कुणाला तरी म्हणावंसं वाटलं, बघ, कशी बोलतीय. सलीमभाई त्याच वेळी रस्त्यानं चालला होता, त्याला हात करून बोलावलं. तो म्हणाला, "मस्त है," अन् गेला. त्याला काय कळतंय.

फळी घातली. खड्डा. पहिल्यापेक्षा मोठा.

खरं सांगायचं तर मला रडू आलं. छप्पन्न वर्षांचा बाप्या लाकडाच्या शेपटासाठी रडतोय. कुणी बघायला नव्हतं ते एक बरं.

२४ जानेवारी, शुक्रवार

सापडलं! रोग घोडीत आहे. चाक फिरवून टेबल चढवलं की टेबल वर जातं अन् घोडी तिथंच राहते. म्हणजे दर खेपेला घोडी टेबलापेक्षा खाली राहते अन् फळी पलीकडं लोंबते. संघपालचे हात आपोआप वर-खाली व्हायचे, त्यामुळं हे कधी ध्यानात आलं नाही. घोडीच्या पायांखाली पातळ पट्ट्या सारायच्या, लेव्हल बघायची, मग फळी घालायची. अलीकडून पलीकडं, पलीकडून अलीकडं, दिवसभर हेलपाटे. जात्याभोवतीचा बैल बरा.

सरळ फळ्या चांगल्या निघाल्या. पण जुनं लाकूड, निम्म्या फळ्या वाकलेल्या, अन् प्रत्येकीचा बाक वेगळा. एकीला घोडी बरोबर बसली की दुसरीला उंच होते. अन् फळी तर चालूच असते, ती थांबत नाही. शेवटी शेवटी मी अलीकडून फळी सोडून पलीकडं पळायला लागलो, टोक धरायला. तिसऱ्या खेपेला भुशावरून पाय घसरला अन् फळी पायावर आली.

अंगठा काळानिळा झालाय. मशीन चालू, मी खाली बसलेलो, अन् बटण अलीकडं. सरपटत जाऊन बंद केली. मग एकदम इतकी शांतता झाली. पूर्वी काही लागलं की संघपाल आधी बटणाकडं बघायचा, म्हणजे मी बंद करायचो. मग म्हणायचा, "लागलं का रं?" आज मीच मोठ्यानं म्हणलं, "लागलं." कुणाला म्हणलं कुणास ठाऊक.

३० जानेवारी, गुरुवार

तनुजा मॅडम काम बघायला आल्या. चांगल्या फळ्या पुढं ठेवल्या होत्या, पण बाई हुशार, मागच्या पण काढून बघितल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी धरू का पलीकडून? मला सांगा कसं ते." नको नको म्हणलं तरी ओढणी खोचून उभ्या राहिल्या.

मी फळी घातली. अर्ध्यावर आली तेव्हा मी हनुवटी वर केली. हनुवटी वर म्हणजे जरा उचल, ही आमची खूण. दोन बोटं म्हणजे अजून एक खेप, मूठ मिटली म्हणजे बास, भुवया वर म्हणजे चहा घ्यायचा का. मशीन चालू असताना असंच बोलावं लागतं. बाईंना वाटलं मी बोलावतोय, त्या फळी सोडून माझ्याकडं यायला लागल्या! मी हातवारे केले, त्यांनी पण केले. शेवटी मशीन बंद करून दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

त्यांच्या केसांत, पापण्यांवर, सगळीकडं भुसा. खोकत खोकत म्हणाल्या, "काका, इकडं तर सगळा भुसा तोंडावरच येतो. इथं रोज कोण उभं राहायचं?"

म्हणलं, "माझा भागीदार."

"मग बोलवा ना त्यांना."

त्या गेल्यावर मशीन चालू केली अन् पलीकडं जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत चालू मशीनच्या त्या बाजूला मी असा कधी उभाच राहिलो नव्हतो. तोंड, नाक, कान, सगळं भरलं. अन् समोर माझी जागा रिकामी दिसत होती.

१ फेब्रुवारी, शनिवार

एका फळीचं खड्डेवालं शेपूट कापलं, पिशवीत घातलं अन् शेंद्र्याला गेलो. स्वतःला सांगितलं की बोलवायला चाललो नाही, मशीनचं विचारायला चाललोय. मशीन दोघांची आहे, त्याला विचारायचा हक्क आहे मला.

कंपनीच्या गेटवर निळ्या शर्टात बसला होता. एक ट्रक आला तर डाव्या हातानं नंबर लिहून घेत होता, पहिलीच्या पोरासारखं एकेक अक्षर कोरून. ट्रक गेल्यावर त्यानं मला बघितलं. मी काय बोलावं याची वाटभर तयारी केली होती, ती सगळी गेली. तोच म्हणाला, "मशीन बरी हाय का?"

मी लाकूड काढून दिलं. त्यानं डाव्या हातात घेतलं, टोकावरून अंगठा फिरवला अन् लगेच म्हणाला, "शेवटाला उचलत नाहीस."

"मी हिकडं अन् टोक तिकडं. कोण उचलणार?"

"घोडी लावली ना?"

मी खाली बघितलं. त्यानं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, खरंच विचारत होता.

मग सांगायला लागला. "फळी पुढच्या रुळातनं सुटली की मागल्या एकट्या रुळावर राहती. सगळं वजन माझ्या अंगावर यायचं. मी ढिला पडलो की शेपूट वर उडतं अन् पात्याला लागतं. म्हणून तोलून धरायचं, केसभर वर. फळी जशी वाकडी तसं."

"एवढी वर्षं तू हे करत होतास? अन् बोलला नाहीस कधी?"

"आरं, तुला ठाव नाय हे मला कुठं ठाव व्हतं?"

मी म्हणलं, "चल मग. घोडी भंगारात देतो. आत्ता चल." फक्त हात जोडायचे बाकी होते.

त्यानं डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरला अन् उचलला. छातीपर्यंत आला अन् थांबला. दुखल्यासारखं तोंड झालं. "इथवर येतो. ह्याच्या वर नाय जात. खांद्यात आत फाटलंय म्हणतात डॉक्टर. वजन उचलून उचलून. दिवाळीपासनं हाय."

खिशातला हात. डाव्या हातातला कप. फडकं. हातातनं सुटलेल्या फळ्या. मला एकदम सगळं दिसलं. म्हणलं, "सांगायचं की मला, लेका."

"त्या दिवशी सांगणारच व्हतो. गिऱ्हाईक गेल्यावर." मग म्हणाला, "तू आधीच सुरू झालास."

अजून एक ट्रक आला. तो उठून गेला. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो. परत आल्यावर म्हणाला, "राग नाय रं. पण आता ते काम माझ्यानं व्हायचं नाय. दुसरा बघ कुणीतरी."

येताना जालना रोडवर गाडी बाजूला घेऊन बसलो. लाज वाटत होती. लई लाज वाटत होती. अन् लाजेपेक्षा जास्त दुसरंच वाटत होतं, ते लिहितो. मला दुसरा नको. फळी धरायला नको, काही करायला नको, नुसता शेडमध्ये पाहिजे तो.

५ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस मशीनवर पोतं टाकून ठेवलंय. तनुजा मॅडमला फोन करून सांगितलं, थोडा उशीर होईल. का म्हणाल्या. म्हणलं, भागीदार आजारी आहे. हे म्हणताना बरं वाटलं, भागीदार आहे म्हणताना.

बसल्या बसल्या घोडीकडं बघत होतो. मग उठून तिला उचलली अन् अलीकडच्या बाजूला आणून ठेवली. फळीचं मागचं वजन घोडीनं घेतलं तर अलीकडच्या माणसाला काय करायचं राहतं? फळी जराशी ढकलायची, पुढं रूळ ओढून घेतो. चाक फिरवायचं, एका हातानं फिरतं. बटण दाबायचं.

फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"रविवारी सुट्टी असती का?"

"असती."

"मग ये."

"कडुबा, तुला सांगितलं ना, हात—"

"हाताचं नाय म्हणत मी. तू माझ्या जागी उभा राहा. पलीकडं मी धरतो."

तो म्हणाला, "तुला जमायचं नाय."

"नाय जमलं तर नाय जमलं. शिव्या घाल मला. गिऱ्हाईक बोलावून त्याच्यासमोर घाल."

हसला बहुतेक. नीट कळलं नाही. रविवारी येतो असं म्हणाला नाही, बघतो म्हणाला.

९ फेब्रुवारी, रविवार

आला.

करुणानं सोडलं स्कूटीवर. मी सकाळपासून शेड झाडून बसलो होतो, पुतण्याच्या लग्नाला आल्यासारखा अंघोळ-बिंघोळ करून. करुणाला म्हणलं, "त्या दिवशी मी मशीन चालू केली, चुकलं माझं." ती म्हणाली, "काका, मला सवय आहे त्या मशीनची." अन् बापाला म्हणाली, "उजवा हात वापरलात तर मी न्यायला येणार नाही."

फडकं त्यानं खिशातून काढून माझ्यापुढं धरलं. मी बांधलं. यावेळी बाशिंगाचं काही बोललो नाही.

त्यानं आधी मशीनभोवती एक चक्कर मारली. बेअरिंगवर तळवा ठेवला, पट्टा दाबून बघितला, म्हणाला, "चांगली ठेवलीस." मग घोडीकडं बघितलं, लेव्हल बघितली, तिच्या पुढच्या पायाखाली एक पातळ पाचर सारली. मी फळी उचलून घोडीवर ठेवली अन् पलीकडं गेलो. त्यानं डाव्या हातानं बटण दाबलं.

पलीकडून आपल्याला काय दिसतं ते सांगतो. फळी यायच्या आधी फक्त अलीकडच्या माणसाचं तोंड दिसतं. दुसरं बघायला काही नाही. मी रोज सकाळी भांडून आलेलो असायचो, कधी गिऱ्हाइकाशी, कधी नशिबाशी, अन् ते तोंड ह्या माणसाला दिवसभर बघावं लागायचं. एवढी वर्षं.

फळी आली. जड, गरम, हातात थरथरते. भुसा तोंडावर. डोळे बारीक केले. अर्धी आली, पाऊण आली. वजन वाढत गेलं, इतकं की मला खरं वाटेना. संघपालनं हनुवटी वर केली. मी उचललं. पुढचा रूळ सुटला ते हातालाच कळलं, सगळी फळी एकदम माझ्याकडं झुकली, अन् मी ढिला पडलो.

त्यानं मशीन बंद केली. हळूहळू पलीकडं आला. शेपटावर अंगठा फिरवला अन् माझ्याकडं बघितलं.

"खड्डा?"

"विहीर."

मग बोलायला लागला. मशीन बंद, हातात काही नाही, अन् संघपाल बोलतोय. उशिरा उचललंस, मनगटानं नाय उचलायचं, मांडी लावायची, रूळ सुटायच्या आधी कानाला कळतं, आवाज जरा पातळ होतो. मी म्हणलं, मला कधी ऐकू नाही आला असा आवाज. म्हणाला, "अलीकडं नाय येत." एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. आमच्यामध्ये कायम मशीन चालू होती.

दुसऱ्या फळीला खड्डा पडला. तिसरीला पण. मी भडकलो, म्हणलं हे लाकूडच मेलेलं आहे. तो म्हणाला, "लाकडाला नावं ठिवू नको. परत घाल." दुपारी डब्यातला तिळगूळ काढला. कडक झाला होता, दातानं फोडून खाल्ला. चारनंतर एक फळी निघाली. त्यानं अंगठा फिरवला, परत फिरवला, मग माझा अंगठा धरून त्या जागेवरून फिरवला. सपाट.

एकच निघाली. करुणा न्यायला आली तेव्हा म्हणाला, "रविवारी येतो." मी म्हणलं, "मधल्या वारी काय करू?" म्हणाला, "मशीन पूस."

१० फेब्रुवारी, सोमवार

मशीन पुसली. तनुजा मॅडमला सांगितलं, फळ्या होतील, पण रविवारीच होतील, तुम्हीच काय ते ठरवा. त्या म्हणाल्या, मार्चमध्ये उघडू.

शेडमध्ये दिवसभर कुणी आलं नाही. चहा करायला भांडं वरच्या फळीवरून काढायला गेलो तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. एका रविवारात. डाव्या हातानं काढलं.